तीन ठोके

या भाऊ, सावलीला बसा. वारूळवाडीचा रहमतुल्ला आनि त्याचा हातोडा, यांची गोष्ट सांगतो. चहा निवायच्या आत संपंल.

जळालेला ट्रान्सफॉर्मर, आपला डीपी वो, रहमतुल्ला भरून द्यायचा. जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, लोखंडी पट्ट्या परत बसवायच्या आनि वर लाकडी हातोड्याचे तीन ठोके. तीस वर्सांत ठोक्याबिगर डीपी सोडला न्हाई.

मग महाळुंगे पडवळचा शेतकरी पोपट नव्या जातीचा जळका डीपी घेऊन आला. मोटारी बंद असल्या की ही जात वीज लई कमी खाती, तापतबी न्हाई. आत पट्ट्यांऐवजी चार कडी, कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ पत्र्याच्या पदरांची. कडं उघडायचं, गुंडाळी सरकवायची, पदर न पदर परत मिटवायचा. सात जनांच्या मोटारी त्या एका डीपीवर, आनि साती जनांच्या टोमॅटोंनी माना टाकलेल्या.

रहमतुल्लानं पहिलं कडं मिटवलं आनि सवयीनं ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला चमचम करत सगळा चुरा मांडीवर.

"रहमतभाई, हे असंच असतंय का?" पोपटनं इचारलं.

"न्हाई," रहमतुल्ला म्हनला.

नवं कडं यायला चार दिवस गेले. आता आनखी एक फुटलं तर टोमॅटो गेले, आनि नव्या जातीचा डीपी कुनी त्याच्या दारात आनलाच नसता. कडं समोर, पन हात लावायचं धाडस व्हईना. हात आपला हातोड्याकडंच जायचा.

त्याची बायको सायराबानू बाजारात बायांना बांगड्या भरती. ती डबा घेऊन आली, कडं निरखलं. मग सोताच्या बांगड्या काढून डब्यावर ठेवल्या आनि खाली बसली.

"काचंवानी हाय हे," ती म्हनली. "दाबायचं न्हाई. त्याच्या कलानं घ्यायचं."

जेवन तसंच राह्यलं. तिसऱ्या प्रहरापत्तुर तिच्या हातनं चारी कडी मिटली. रहमतुल्लाचा हात हातोड्याकडं गेला. सायराबानूनं नुसतं बघितलं. हात परत आला.

दुसऱ्या दिवशी मोटारी चालू झाल्या. तरी रहमतुल्ला पडवळला गेला, मोटारी बंद असताना डीपीच्या टाकीला तळवा लावला. गार. बराच येळ तसाच उभा व्हता म्हनं. हातोडा आता शेळीची मेख ठोकायला हाय.

एक करा भाऊ. लाईट गेली की डीपीला दांडकं हानायची सवय हाय तुमाला. पडवळच्या डीपीला तेवढं हानू नका. आत सायराबानूचं काम हाय.