स्तेर्गिओसकाकांचा अंगठा

“निघाला! अरे, निघाला!”

रविवारची प्रार्थना आटोपून अख्खं कारिदोहोरी गाव चर्चमधून थेट चौकातल्या चिनाराखाली लोटलं होतं आणि फोतिस मेंढपाळाच्या उघड्या पाठीकडे डोळे फाडून बघत होतं. उजव्या खांद्याखाली आलुबुखाराएवढा फोड टरारून आला होता, लालभडक आणि मधोमध पिवळा. दुसऱ्या गावात असल्या माणसाला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं असतं. कारिदोहोरीत टाळ्या पडल्या. बायकांनी छातीवर क्रूस काढले, आणि फोतिस नवरदेवाच्या तोऱ्यात गोल फिरून सगळ्यांना पाठ दाखवू लागला.

“काय म्हणालो होतो?” स्तेर्गिओसकाका खुर्चीवरून गरजले. “कंबर दुखते म्हणून आला होता. कंबर कसली? दृष्ट! मेव्हण्याची दृष्ट! आत दबा धरून बसली होती. तिसऱ्या दिवशी झक मारत बाहेर आली की नाही?”

“आली काका, आली!” फोतिस म्हणाला. त्याचा मेव्हणा तिथेच उभा होता. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला.

हे काका वीस वर्षं जर्मनीच्या वाटेवर ट्रक हाकत होते. पाठ गेली, ट्रक गेला, आणि मग एका संताने स्वप्नात येऊन त्यांच्या उजव्या अंगठ्यात कृपा भरली. संत कोणता, हे विचारायचं झोपेत राहून गेलं. तेव्हापासून काका अंगठा ऑलिव्हच्या तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढत आणि पाठीवर तुंबडीसारखे गरम पेले लावत. पेले तर गावातली प्रत्येक आजी लावते, त्याने कुणी मरत नाही. पण काका आधी पात्याने बारीक चिरा पाडत, पेल्याने रक्त ओढत, मग त्या चिरांवर तोच अंगठा घासत आणि तीनदा थुंकत. फ्तू, फ्तू, फ्तू! दृष्टीसाठी थुंकायची रीत साऱ्या ग्रीसची, पण बाकीचे नुसता आवाज काढतात. काकांचा पाऊस पडायचा.

पैशाला ते शिवत नसत. लोक पनीर, अंडी, कोकराची तंगडी आणून ठेवत, त्यांना मात्र शिवत. साबणालाही शिवत नसत. “साबण लावला की कृपा धुऊन जाते. मी करून बघितलंय. साबण लावला त्या दिवशी एकाचंही निघालं नाही!” हे ते अभिमानाने सांगत. फोड आला तर दृष्ट निघाली, नाही आला तर दृष्ट जिद्दी, परत या. छापा असो की काटा, डाव काकांचाच. “आणि मला बघा,” ते बाह्या वर करून म्हणत, “सगळ्या गावाची घाण काढली, अंगावर एक पुळी नाही!”

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या एव्हान्थियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती याच गावची लेक. आता जिल्ह्याच्या इस्पितळात जंतूंची प्रयोगशाळा चालवत होती. गेले काही आठवडे तिच्या टेबलावर कारिदोहोरीचा पू येत होता. ज्यांची ‘दृष्ट’ निघता निघता जीवच निघायची पाळी आली होती, त्यांचा. पण ती आज आली होती ती भाचीसाठी. तिच्या भावाची, लांब्रोस बेकरीवाल्याची मुलगी आर्गिरो, वय एकोणीस. तिचाही फोड निघाला होता.

घरी आर्गिरो पालथी झोपली होती. पाठीवरचा फोड फुटला होता, शेजारी दुसरा उठत होता, आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

“चल, गाडीत बस,” एव्हान्थिया म्हणाली.

“नाही आत्या. काका म्हणाले, मधेच डॉक्टरकडे गेलं की दृष्ट आत परतते. आणि माझा खांदा खरंच थांबलाय दुखायचा.”

“थांबणारच! दोन आठवडे व्हॉलीबॉलला हात लावला नाहीस. त्याचं श्रेय त्या थुंकऱ्याला?”

“आत्या, मी लहान नाहीये. मी येणार नाही.”

एव्हान्थियाने भावाकडे पाहिलं. “दादा, तू तरी सांग.”

लांब्रोसने पिठाचे हात झटकले. “तुझी औषधं कुठे लागू पडतात? फोतिसच्या आईला नेलं होतं ना? पहिलं औषध फुकट, दुसरं फुकट. इथे निदान बाहेर तरी पडतंय.”

“औषधं फुकट का गेली ते ऐक. मी या गावच्या सगळ्या फोडांमधले जंतू तपासायला पाठवले. त्यांची जनुकं वाचून आली. जनुक म्हणजे जंतूच्या अंगात लिहिलेली कृती, काय करायचं याची. या जंतूच्या अंगात एक जनुक चिलखताचं आहे, त्यामुळे नेहमीची औषधं त्याला लागत नाहीत. दुसरं विषाचं आहे. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी आपल्यासाठी लढतात, त्यांनाच ते विष भोकं पाडतं. आणि मेला लबाड किती! थोडे असतात तोवर गुपचूप चिकटून बसतात. गर्दी झाली की एकमेकांना इशारा देतात आणि सगळे मिळून विष सोडतात.”

“चिनाराखालच्या गर्दीसारखं,” लांब्रोस पुटपुटला. मुलीने डोळे वटारले.

“आणि दादा, हे सगळ्यांच्या फोडात एकच आहे. जनुकांची नक्कल होताना बारीक चुका राहतात. त्या चुकासुद्धा सगळ्यांच्या त्याच. आपल्या आळीतल्या सगळ्या घरांचा पाव सारखा का लागतो?”

“आपल्या आईच्या आंबवणातलं चिमूटभर सगळीकडे गेलंय म्हणून. त्यात काय?”

“मग हे आंबवण कुणाच्या घरचं?”

लांब्रोसने परत हात झटकले. पाव फुगतो तो न दिसणाऱ्या जिवांमुळे, हे त्याला बापाने शिकवलं होतं. पण पावाचं शहाणपण माणसाला लावायची त्याला सवय नव्हती. पुष्कळांना नसते.

“उद्या सकाळपर्यंत ताप वाढला, तर मी तुला खांद्यावर टाकून नेईन,” एव्हान्थियाने भाचीला बजावलं आणि ती तडक चौकात परतली.

तिच्या पिशवीत काचेच्या तीन झाकणबंद बशा होत्या. आत जंतू वाढवायची लाल जेली.

“काका, ही जेली एकाच पातेल्यातली, एकाच मेंढीच्या रक्ताची. हिला मेव्हणा नाही, सासू नाही, शेजारीण नाही. हिच्यात दृष्ट आहे का?”

काकांना गर्दी दिसली की राहवत नसे. त्यांनी बशीवर हात फिरवला, डोळे मिटले, कान लावला. “स्वच्छ आहे. कोरी. पापच नाही तर निघणार काय?”

“म्हणजे तुम्ही अंगठा लावला तरी उद्या कोरीच राहील?”

“बर्फासारखी! सगळ्यांनी ऐका, स्तेर्गिओस सांगतोय!”

“ऐकलं!” गाव म्हणालं. काकांनी अंगठा दाबला, वर उदार मनाने फ्तू, फ्तू, फ्तू केलं. दुसऱ्या बशीवर पाद्रीणबाई पोलिक्सेनीने, म्हणजे पाद्र्याच्या बायकोने, नळावर साबणाने खसखसून हात धुऊन अंगठा लावला. तिसऱ्या बशीला कुणी शिवलं नाही. झाकणांवर चिकटपट्टी बसली, तिच्यावर चार गावकऱ्यांच्या सह्या झाल्या, आणि पत्र्याच्या डब्यात बंद होऊन बशा लांब्रोसच्या भट्टीमागच्या उबदार खोलीत गेल्या. “पावापासून लांब ठेव,” एव्हान्थियाने त्याला दोनदा सांगितलं.

सकाळी गाव लवकर जमलं. एव्हान्थियाने झाकणं न उघडताच बशा वर धरल्या. न शिवलेली बशी कोरी होती. पाद्रीणबाईंच्या बशीत दोनचार पांढरे बारके ठिपके. काकांच्या बशीत मात्र अंगठ्याच्या आकारात दाटीवाटीने टपोरे सोनेरी ठिपके उठले होते, आणि त्यांच्याभोवती जेलीचा लाल रंग विरघळून गेला होता.

काका क्षणभर गडबडले. पण वीस वर्षं वळणं घेतलेला माणूस. “सोनं!” ते ओरडले. “बघा, माझ्या अंगठ्यातून सोनं उगवलं!”

दोन म्हाताऱ्यांनी क्रूस काढलेसुद्धा.

“हे सोनं रक्त खातंय काका, दिसत नाही? आणि काल बशी कोरी राहणार होती ना?”

“मग... मग मेंढीलाच दृष्ट असणार!”

“माझ्या मेंढ्यांना मधे आणू नका हं!” फोतिस उसळला. मग तो थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू फिरत होतं. “आणि मेंढीला असती, तर तिन्ही बशांत निघाली असती की.”

“शाब्बास,” एव्हान्थिया म्हणाली. “नुसत्या रंगावरून मी शपथ घेणार नाही, याचीही जनुकं वाचून घेईन. पण बशीत जे नव्हतं, ते अंगठ्यातून आलं, एवढं तर दिसतंय? हा जंतू काही माणसांच्या नाकात मुकाट्याने राहतो, त्यांना काहीच करत नाही. अशा माणसाने नाक पुसलं, थुंकी लावली आणि ताज्या चिरेवर अंगठा घासला, की दुसऱ्याच्या पाठीत पेरणी होते. तिसऱ्या दिवशी पीक येतं. दृष्ट बाहेर येत नव्हती, रोग आत जात होता.”

“मला काय ठाऊक!” काका म्हणाले.

“तुम्हालाच ठाऊक होतं! साबण लावला की एकाचंही निघत नाही, हे तुम्हीच करून बघितलंत ना? त्या दिवशी लोक बरे राहिले, म्हणून तुम्ही साबण टाकलात. साबणाने जाते ती कृपा नव्हे काका, मळ!”

पाठ दाखवत फिरणाऱ्या फोतिसने गुपचूप शर्ट खाली ओढला. लांब्रोसने काकांची बशी हिसकावून घेतली आणि तो घराकडे धावत सुटला.

आर्गिरो रात्रीपासून खोकत होती. बापाने समोर धरलेली बशी तिने बराच वेळ पाहिली. त्या ठिपक्यांत अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. तिच्या खोकल्यासरशी रुमालावर रक्त आलं.

“बाबा,” ती म्हणाली, “गाडी काढा.”

विष फुप्फुसापर्यंत गेलं होतं. चिलखताला भेदणारं औषध होतं, पण ते सुरू व्हायला उशीर झाला होता. पोरगी वाचली. फुप्फुसाचा एक तुकडा मात्र गेला, आणि त्याच्याबरोबर व्हॉलीबॉल. बशीतल्या सोन्याची जनुकं वाचून आली. चिलखत तेच, विष तेच, चुकाही त्याच.

आणि संतकृपेचे धनी? ते एका दुपारी इस्पितळात आले, टोपी कपाळावर ओढून, नाकात घालायचं मलम मागायला. परिचारिकेने दिलं. घरी रोज साबणाने आंघोळ करायलाही सांगितलं. काका निमूटपणे “बरं” म्हणाले. स्वतःच्या नाकाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना संत आठवला नाही.

आर्गिरो उठून बसू लागली, त्या दिवशी एव्हान्थिया तिचे केस विंचरत होती.

“आत्या, तुला एक सांगू? रागावू नकोस.”

“बोल.”

“फोड आला ना, तेव्हा मी खूश झाले होते गं. आरशात बघून हसले होते.”

एव्हान्थियाचा हात थांबला. रोगाशी ती रोज लढत होती, त्याची तिला चीड येत नसे. जंतूला अक्कल नसते, तो त्याचं काम करतो. पण ज्या माणसाने या पोरीला स्वतःच्या मरणाकडे बघून हसायला लावलं, त्याला काय म्हणायचं? आणि टाळ्या वाजवणाऱ्या गावाला?

तुमच्याही गावात कुणी म्हणेल, बघा, तुमच्या आतली पीडा मी बाहेर काढली. टाळी वाजवू नका. आधी विचारा, ती आत कुणी घातली? आणि उत्तर ऐकण्याआधी त्याला हात धुवायला सांगा.