तलावाची सून परत येते

"पाळीवर दिवा ठेवजा गा, मी मंडईले येईन."

असं म्हणत नाटकातली सून तलावात उतरली होती, आणि तो आवाज दिघोरी गावाच्या कानात अजून ओलाच होता. आणीबाणीच्या आधीच्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेतली, ही गोष्ट. आवाज लुगडं नेसलेल्या नटाचा, तलाव निळीने रंगवलेल्या पडद्याचा, तरी बायांनी तोंडात पदर कोंबले. भय्याजींची बायको रुखमा तर दुसऱ्या दिवशी जेवलीही नाही. पुढच्या उन्हाळ्यात बिचारी स्वतःच वारली. त्या सालापासून मंडईच्या संध्याकाळी गावच्या खऱ्याखुऱ्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, दिवा लागू लागला. नाटकातल्या सुनेसाठी. याला वेडेपणा म्हणणारं गावात कोणी नव्हतं.

यंदा त्याच नाटक मंडळीने दुसरा भाग काढला. त्यात सून परत येते. परसराम सायकलवाल्याने तो शेजारच्या गावी पाहिला आणि हसत-रडत घरी आला. हाच खेळ दिघोरीच्या मंडईत झाला पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात. मंडळीचा माणूस गावाच्या होकारासाठी पारावर येऊन बसला होता. पण तो खेळ भय्याजींनीही पाहिला होता.

भय्याजींनी उभ्या जन्मात एकदा नागपूरला खुर्चीत बसून नाटक पाहिलं होतं. तेव्हापासून जमिनीवर बसून पाहिलेलं एकही नाटक त्यांना पटत नसे. पारावर त्यांनी दुसरा भाग सोलायला घेतला. गाणी फार. चाली जुन्याच, आणि ज्या नव्या आहेत त्या जुन्यांसारख्या नाहीत. पहिल्या भागात डंख मारणारी सासू आता एवढी गोड कशी? आणि मुख्य म्हणजे, मेलेली बाई जिती कशी?

"सून गेल्यावर सासूलेच भांडे घासा लागले ना, भय्याजी," परसराम म्हणाला. "तुमीबी घासून पाहा. गोड होता का नाही ते दिसंल."

पारावरची माणसं खदखदली. जुनी चाल नको, नवीही नको, तर पेटीवाल्याने नुसतं पेटीवर डोकं ठेवून निजावं का, असंही परसरामने विचारून घेतलं. आणि मेली म्हणता, तर प्रेत कोणी पाहिलं? ती पाण्यात उतरली नि पडदा पडला. पडदा पडला की माणूस मेला, असं धरलं तर गावाला दर मंडईनंतर तेरवीच घालावी लागेल.

लोक परसरामकडे झुकले. भय्याजी मात्र एकच धरून बसले, तिनं परत यायला नको होतं. का, म्हटलं की नागपूरच्या नाटकाकडे वळायचे.

तेव्हा परसरामने ठेवणीतलं काढलं. "पाळीवर दिवा कोन लावते दरसाल? बाया कवाच्या विसरल्या, तुमी नाही. हाक तुमीच मारली. आता ते आली, तं तिले दारातूनच हाकलून राहिले?"

लोकांचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. भय्याजींच्या हातून चंची निसटली. सांडलेली सुपारी ते मातीतून खांडखांड वेचत राहिले. वेचून झाली तरी खालीच पाहत होते.

"आणा गा तुमचा दुसरा भाग," ते म्हणाले. "मले रुखमासाठी दिवा लावाचा होता. म्हातारा बायकोसाठी दिवा घेऊन पाळीवर चालला म्हनून हासले असते तुमी. म्हनून सुनेचं नाव पुढं केलं. आता सून घरी आली, ते निमित्त सरलं. यंदा रुखमाच्याच नावानं लावीन. हासाचं तं हासा."