मानाचे दोन कर्णे

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, कर्ण्यांना आवाज पुरवणारा. मित्रांनो, आज कामशेतच्या एका माळ्यावर कोंबडी माझ्यावर बसून अंडी उबवते. पण एके काळी माझ्यावाचून इथे लग्न लागत नसे. सांगताना थोडी ऐट येते, तेवढी चालवून घ्या.

लग्नांत कर्णे लावणाऱ्या ताजुद्दीनभाईंनी मला शहात्तर साली मुंबईहून आणले. माझ्या पाठीवर कर्ण्याची तार जोडायला चार, आठ आणि सोळा ओहमचे स्क्रू होते. कर्णा विजेला जितका अडवतो, तितके त्याचे ओहम जास्त. साजेसा स्क्रू मिळाला की मी खुशाल गातो. नाही तर आवाज तरी पडतो किंवा माझे अंग तरी भाजून निघते.

गेणूभाऊंच्या लेकीच्या लग्नात आमचा सोळा ओहमचा कर्णा वधूकडच्यांकडे तोंड करून टांगला होता. वराकडच्यांनी मानाखातर स्वतःचा कर्णा आणला, तो निघाला आठचा. त्याचे तोंड अर्थातच त्यांच्याकडे. ताजुद्दीनभाईंनी दोन्ही शेजारी शेजारी जोडले आणि तार चारच्या स्क्रूला नेली, कारण विजेला दोन वाटा मिळाल्या की अडवणूक कमी होते. मी निर्धास्त होतो. पण सनई वाजली आणि आठवाल्याने, त्याची अडवणूक निम्मी म्हणून, दुप्पट वीज ओढली. त्याच्यापुढे सोळावाला बापुडा वाटू लागला.

मुलीचे चुलते महिपती उठले. "आमच्याकडं आवाज कमी का? आमी काय उपरं हाय व्हय?"

"आमच्या कर्ण्यातच दम हाय," वराचे मामा अंबाजी म्हणाले.

महिपतींनी अंतरपाट धरू दिला नाही. मुहूर्त टळायला आला. गेणूभाऊंच्या तोंडचे पाणी पळाले.

"ताजूभाऊ, आवाज वाढवा की," ते काकुळतीने म्हणाले.

"वाढवला तर दोन्हींचा वाढंल. एकामागं एक जोडले तर जास्त ओहमचा, म्हंजी तुमचा वरचढ व्हईल, मग ते रुसतील."

मुलीची आई रतनबाई पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "कर्ण्यांची तोंडं फिरवा. त्यांचा आमच्याकडं, आमचा त्यांच्याकडं."

झाले! अंबाजींचा कर्णा वरचढ, महिपतींना आवाज जास्त. महिपतींनी स्वतःच अंतरपाट धरला. अक्षता पडल्या, तेव्हा मलाच भरून आले.

पुढे कोणी हौसेने माझ्या गळ्यात चार कर्णे बांधले. स्क्रू कोणी पाहिला नाही. मी जळालो.

गेणूभाऊंची लेक अजून बाजाराला आली की अंडी न्यायला माळ्यावर चढते आणि पदराने माझी धूळ पुसते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आवाज मोठा करण्याआधी मागे जाऊन पाहा, त्याने कोणाचे अंग भाजते आहे.