इंजिन तापलंय

आमच्या घरात शर्यतीच्या दोन गाड्या, त्या पळवणारे दोन भाऊ आणि या सगळ्यांना पुरून उरणारे एक सासरे आहेत. मोठा भाऊ म्हणजे माझा नवरा, धाकटा माझा दीर. संघ सासऱ्यांचा. मी इंजिनिअर. शर्यत चालू असताना मी ट्रॅकलगत, गाड्या टायर बदलायला थांबतात त्या पिटच्या भिंतीपाशी स्क्रीनसमोर बसून रेडिओवरून दिराशी बोलते आणि शेजारी बसून सासरे माझ्या नवऱ्याशी बोलतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, नवऱ्याची गाडी माझ्याकडे येईल. सासरे म्हणाले, "नवरा-बायको भांडायला लागले की सगळं जग ऐकेल." त्यात तथ्य होतं, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

संघाचा नियम एकच होता. मोठा पुढे, धाकटा मागे. धाकटा चुकून पुढे असलाच तर त्याने बाजूला होऊन दादाला वाट द्यायची. पण हे रेडिओवर उघड सांगायची सोय नव्हती, कारण आमचं बोलणं टीव्हीवर ऐकवतात आणि एखाद्याला मुद्दाम मागे ठेवलेलं कळलं की प्रेक्षक हुर्यो उडवून जीव नकोसा करतात. म्हणून सासऱ्यांनी डोकं लढवून एक वाक्य शोधून काढलं: "इंजिन तापलंय." ते कानावर पडलं की धाकट्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. गेल्या काही वर्षांत त्या गरिबाचं इंजिन इतक्या वेळा तापलं की एका पत्रकाराने सासऱ्यांना चांगला रेडिएटर बसवायचा सल्ला दिला. सासऱ्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याचे आभार मानले.

मला मात्र या प्रकाराची भयंकर चीड यायची. एक तर भाऊजी नवऱ्याइतकेच वेगवान, आणि ते वाक्य बोलायचं कुणी, तर मी.

ही गोष्ट मोसमातल्या शेवटच्या शर्यतीची. मोसमाची ढाल आधीच दुसऱ्या संघाने नेली होती, त्यामुळे आमच्यापैकी कुणाला त्या शर्यतीतून काही मिळायचं नव्हतं. अपवाद भाऊजींचा. पुढच्या मोसमात आम्ही एकच गाडी उतरवणार होतो, आणि ती कोण चालवणार हे विचारायची कुणालाच गरज वाटली नव्हती. भाऊजी आजवर एकदाही जिंकले नव्हते. ही त्यांची शेवटची संधी होती.

सकाळी हातमोजे चढवता चढवता ते माझ्याजवळ आले.

"वहिनी, आज ते वाक्य नको."

"नाही बोलणार."

"आणि बाबांनी सांगितलं तर?"

"बाबांना मी बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्याकडे नुसती बघत राहीन. तोंड उघडणार नाही. शब्द दिला तुम्हाला."

भाऊजी हसले. मग हेल्मेट घालून जे गेले ते असे पळाले की यंव! सुरुवातीलाच पहिल्या दोन गाड्या एकमेकींवर घासून वाळूत जाऊन बसल्या आणि आमचे भाऊजी सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या शेपटाला माझा नवरा, आणि नवऱ्याच्या मागे एक निळी गाडी. शर्यत संपत आली तरी हाच क्रम. मी खुर्चीच्या कडेवर आले होते.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "सांग त्याला."

"काय सांगू?"

"काय ते तुला माहीत आहे."

"बाबा, आज नाही. मी शब्द दिलाय."

"संघ माझा आहे."

"तुमचाच आहे. पण तोंड माझं आहे."

सासरे लालबुंद झाले. आणि नेमका त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवरचा आकडाही लाल झाला. भाऊजींचं इंजिन तापलं होतं. अगदी खरंखुरं. आकडा चढतच होता. असंच चालू राहिलं असतं तर इंजिन फुटलं असतं, आणि त्याबरोबर माझ्या दिराचा पहिला आणि शेवटचा विजयही. मी कपाळावर हात मारला आणि माईक दाबला.

"भाऊजी, इंजिन तापलंय."

"शाब्बास!" सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली.

रेडिओवर भाऊजी म्हणाले, "शब्द दिला होतास, वहिनी."

"अहो, खरंच तापलंय! पाय काढा!"

"इंजिन नाही तापलेलं. बाबांचं डोकं तापलंय," असं म्हणून त्यांनी आणखी जोरात दामटली. आकडा आणखी वर.

आता काय करायचं? शपथ घालून उपयोग नव्हता, ओरडून उपयोग नव्हता. ते वाक्य आम्हीच वापरून वापरून पार निकामी करून ठेवलं होतं. दादाची गाडी आरशात दिसत होती तोवर भाऊजी माझ्यावर विश्वास ठेवणं शक्यच नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात लांब करून सासऱ्यांचा माईक ओढला. एरवी त्यांच्यासमोर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. त्या घाईत सगळं विसरले.

"ए, ऐक! त्याचं इंजिन खरंच तापलंय. तू मागे दिसतोस म्हणून त्याला खोटं वाटतंय. पाय काढ. लांब राहा."

सासरे माझ्याकडे आ वासून बघत राहिले. मी त्यांच्या लाडक्याला मागे राहायला सांगितलं याचा धक्का मोठा, की त्याला "ए" म्हटल्याचा, ते मला अजून कळलेलं नाही.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग नवरा हळूहळू मागे पडू लागला. निळ्या गाडीला आणखी काय हवं होतं? ती सरळ पट्ट्यावर त्याला ओलांडून पुढे निघाली.

"वहिनी," भाऊजींचा आवाज एकदम बदलला, "दादा कुठे गेला?"

"मागे."

"का?"

"कारण तुमचं इंजिन तापलंय, अहो! किती वेळा सांगू?"

त्यानंतर भाऊजींनी ऐकलं. जपून जपून चालवत, निळ्या गाडीला वळणावळणावर अडवत, अगदी थोडक्यात ते जिंकले. मी रडले. सासरेही रडले, पण वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेल्याचं म्हणाले. फोटोत मात्र तेच मधोमध उभे राहिले.

सामान आवरताना मेकॅनिक हसत हसत माझ्याकडे आला. इंजिनाला काहीच झालं नव्हतं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर निघाली होती, म्हणून आकडा उगाच चढत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ नवऱ्याला गाठलं. तो गॅरेजात टायरांच्या चळतीवर बसून बुटांच्या लेस सोडत होता.

"अरे, ऐक ना. त्याचं इंजिन तापलंच नव्हतं."

"माहीत होतं मला."

"तुला कसं माहीत?"

"मी त्याच्या मागे चिकटून होतो. तापलं असतं तर वास आधी मला आला असता."

"मग मागे का राहिलास?"

"तू सांगितलंस म्हणून." त्याने एक बूट काढून बाजूला ठेवला. "इतक्या वर्षांत मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की आज त्याला जाऊ दे. दर वेळी वाटायचं, एकदा तरी कुणीतरी म्हणावं. मी दिलं असतं गं."

माझं डोकं फिरलं. "मग स्वतःहून द्यायचंस की! तुझे हात कुणी धरले होते?"

ज्या वळणावर बाकीचे ब्रेक मारतात तिथे हा माझा नवरा हसत हसत गाडी घालतो. त्याने आधी दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नाही याची खात्री केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बाबांची भीती वाटते."