नापाससाहेबांचा ओके

जन्मभर ज्याच्या तोंडून ‘ओके’ निघणं मुश्किल, त्या माणसाच्या तोंडात शेवटी नेमका तेवढाच एक शब्द उरला. ह्याला दैवाची थट्टा म्हणावं, तर दैवाला विनोदाची एवढी जाण असेल असं वाटत नाही.

काका पंप तयार करणाऱ्या कारखान्यात माल तपासायचे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि बराचसा माल तिथूनच परत यायचा. कामगारांनी त्यांचं नाव ‘नापाससाहेब’ ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. एखादा भाग चांगला निघालाच, तर साहेब ‘ओके’ म्हणायचे, पण असं की जणू स्वतःच्या खिशातून काही काढून देतायत.

घरी तर तोही नाही. इस्त्री, भाजी, मुलाचं गणित, पाहुण्यांची वेळ, भिंतीचा रंग, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि काही बोलले नाहीत, की चहा बरा झाला असं काकूंनी समजायचं. काकूंनी ते समजून घेतलं. लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या कौतुकाची वाट बघायच्या, मग सोडून दिलं. कुठल्याही गोष्टीचा नाद सुटला की माणूस सुखी होतो असं म्हणतात. काकू सुखी झाल्या नाहीत, पण कामाला लागल्या.

मग निवृत्तीनंतर एका सकाळी दाढी करता करता काका बेसिनपाशी कोसळले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. लिहिणंही गेलं. मान हलवून हो-नाही सांगावं, तर मानसुद्धा कधी हो म्हणायचं असताना आडवी हलायची. जिभेवर उरला तो एक ‘ओके’.

बघायला येणारे लोक चकित व्हायचे. ‘कसं वाटतंय?’ ओके. ‘दुखतंय का?’ ओके. ‘येऊ मी मग?’ ओके. शेजारच्या वहिनी तर जिना उतरताना म्हणाल्या, “आजारपणानं माणूस किती गोड झाला हो.” काकूंनी दार लावून घेतलं आणि आत आल्या, तर गोड झालेला माणूस उशीकडे बघत दात-ओठ खात ‘ओके, ओके, ओके’ म्हणत होता. उशीचा अभ्रा उलटा घातला होता.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी चित्रांचा एक मोठा पुठ्ठा आणला. त्यावर पेला, बिछाना, दिवा, औषध अशी चित्रं होती. हवं त्यावर बोट ठेवायचं. काकांनी डावं बोट पेल्यावर ठेवलं. काकूंनी पाणी आणलं. काकांनी ते बाजूला सारलं आणि पुन्हा पेल्यावरच बोट घासायला लागले. बाई गोंधळल्या. काकूंनी पुठ्ठा जवळ घेऊन नीट पाहिला. पेला एका अंगाला वाकडा काढला होता. बाईंनी पुढच्या खेपेला पुठ्ठा आणला नाही.

तेव्हा उरल्या काकू. चाळीस वर्षं हे तोंड बंद असताना त्यांनी वाचलं होतं, आता निदान त्यातून आवाज तरी येत होता. हळूहळू त्यांना एकेक ‘ओके’ वेगळा ऐकू यायला लागला. ‘ओ’ लांबला की दुखतंय. ‘के’ वर चढला की प्रश्न आहे, बहुतेक किती वाजले हाच. खालच्या पट्टीत लागोपाठ आले की खिडकीतून कोणीतरी गाडी चुकीची लावताना दिसतंय. बहिणीचा फोन आला की एक मऊ, ओलसर ‘ओके’ यायचा, तो काकूंच्या वाट्याला कधी आला नव्हता, पण त्यांनी तो ओळखला. आणि ‘के’ अर्धा गिळून दार आपटल्यासारखा आला, की नाही. साफ नाही. तो सगळ्यांत जास्त यायचा.

नळवाला आला होता. काम आटोपून त्याने पाने पिशवीत भरले तेव्हा काका खुर्चीतून म्हणाले, ‘ओके.’ तो म्हणाला, “बघा, साहेबांनी पास केलं.”

काकू म्हणाल्या, “अजून गळतोय म्हणतात.”

नळवाल्याने हसत हसत नळाखाली हात धरला आणि हसायचा थांबला. तेव्हापासून इमारतीत काकूंचा शब्द हा काकांचा शब्द झाला. डॉक्टरसुद्धा काकांना प्रश्न विचारून काकूंच्या तोंडाकडे बघायचे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकू प्रामाणिक होत्या, पण माणूसच होत्या. संध्याकाळी कोणी तास-तास ठाण मांडून बसलं आणि काकूंना नुसतं पडावंसं वाटायला लागलं, की त्या काकांच्या कुठल्याशा ‘ओके’चा अर्थ सांगायच्या, “आता पडतो म्हणतात.” लोक पटकन उठायचे. काका त्यांच्याकडे बघायचे. पाहुणे गेलेले त्यांनाही हवेच असायचे, म्हणून हा भेसळीचा माल तपासणीतून सुटत होता.

खरी अडचण पाठीची होती. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत बिछान्यात. काका काही काडी पैलवान नव्हते, चांगले भरलेले होते, आणि अर्धं अंग मेलेला माणूस पूर्ण माणसापेक्षा जड होतो. मदतीला माणसं ठेवून पाहिली. एकाचे हात गार होते, दुसऱ्याने चप्पल आत आणली, तिसऱ्याला तर काकांनी दारातच नापास केलं. एकदा काका झोपलेले असताना काकू खाली पडलेली गोळी उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. पलंगाचा पाय धरून फरशीवर बसल्या. हाक मारावी तर कोणाला? थोड्या वेळाने आपल्या आपण उठल्या. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेला रुंद पट्टा दिला आणि सांगितलं, “आता ह्यांना उचलणं बंद. नाहीतर दोन खाटा लागतील.”

काकू पट्टा कपड्यांच्या आतून बांधायच्या. काकांना त्यांनी तो दाखवला नाही. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. आयुष्यभर ह्या माणसाने सगळ्यात खोट काढली होती, आणि आता आपल्यातच खोट निघाली हे त्याला आपणहोऊन सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मुलाला मात्र सांगितलं. मुलगा दुसऱ्या शहरात होता, चांगला होता, फोन करायचा. त्याने चौकशी करून एक ठिकाण शोधलं. अशा आजारातल्या लोकांना कायमचं ठेवून घेणारं, हवेशीर, उचलायला दोन-दोन माणसं. एक खोली रिकामी झाली होती. रजा काढून तो आला आणि स्वयंपाकघरात आईजवळ उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “पण एक आहे आई. बाबांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही.”

वाक्य मोठं सुंदर होतं. असली सुंदर वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात आणि त्यांचं वजन दुसऱ्याच कोणाच्या तरी पाठीवर येतं. काकू फक्त “बरं” म्हणाल्या आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या मेट्रनबाई घरी आल्या. नीटस, पन्नाशीच्या, बोलण्यात कुठे फुकटचा गोडवा नाही. खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या. मुलाशी किंवा काकूंशी न बोलता थेट काकांशी बोलल्या. काकूंना ते आवडलं आणि त्याच वेळी अडचणीचंही वाटलं.

“आमच्याकडे नियम आहे,” बाई काकांना म्हणाल्या. “माणूस स्वतः तयार असला तरच घेतो. घरच्यांना काय वाटतं तो भाग वेगळा. तुम्हाला आमच्याकडे राहायला यायचंय का?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“ओके.”

अर्धा ‘के’ गिळलेला. दार आपटल्यासारखा.

मेट्रनबाईंनी लगेच मान डोलावली नाही. “हे सगळ्यालाच असं म्हणतात ना? मग मी ह्यातून काय समजायचं?”

“आईला कळतं,” मुलगा म्हणाला. “डॉक्टरसुद्धा आईलाच विचारतात. आई, काय म्हणतात बाबा?”

तिघंही काकूंकडे बघायला लागले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, ताठ, कारण पट्ट्यामुळे वाकून बसताच येत नव्हतं. सकाळीच त्यांनी काकांना खुर्चीत आणलं होतं आणि त्या वेळी निघालेली कळ अजून पायापर्यंत जात होती. आज रात्री पुन्हा, उद्या सकाळी पुन्हा. ह्या घरात काकांना काय हवंय एवढंच विचारायला वर्षभर माणसं येत होती. त्यात कोणाची चूक नव्हती.

“हो म्हणतात,” काकू म्हणाल्या.

मुलाने श्वास सोडला. इतका वेळ तो धरून ठेवला होता हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

“ओके,” काका म्हणाले. पुन्हा तसाच, जरा मोठ्याने.

“बघा,” मुलगा म्हणाला.

“ओके!” काकांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. चेहऱ्याची डावी बाजू लाल झाली, उजवी जागची हलली नाही. “ओके. ओके.”

“बाबांना घाईच झालीय,” मुलगा हसला. बरेच दिवसांनी हसला असेल, जरा जास्तच हसला. मेट्रनबाईही अर्धवट हसल्या आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला.

काका ओरडायचे थांबले. माणूस जेवढा जीव तोडून नाही म्हणत होता, तेवढं त्याचं हो पक्कं होत चाललं होतं, आणि हे त्यालाही समजलं होतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकूंनी तो पचवला असता, रागाची सवय होती. राग नव्हता. जिच्यावर आपलं सगळं बोलणं सोपवलं, ती असं का करते आहे, एवढंच त्यांना कळत नव्हतं. ते घाबरले होते. काकूंनी नवऱ्याला घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “नाही म्हणतात ते. पहिल्यापासून नाहीच म्हणतायत.”

मुलाचं हसू तोंडावरच राहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे हो मी म्हणत होते.”

मेट्रनबाईंनी कागद मांडीवर पालथा ठेवला. काकू पलंगाला धरून उठल्या, आधी एक पाय, मग दुसरा, आणि काकांच्या खुर्चीपाशी गेल्या. वर्षभर त्या काकांचं सगळ्यांना सांगत होत्या. आता त्यांना स्वतःचं काकांना सांगायचं होतं आणि त्याची अजिबात सवय नव्हती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला आता तुम्हाला उचलवत नाही. पाठ गेलीय माझी. आतून पट्टा बांधते, तुम्हाला दाखवला नाही. रोज वाटतं, आज तुमच्यासकट पडणार. रात्री तुम्ही हाक मारली ना, की मी आधी जागी होऊन पडून राहते, परत हाक येते का बघत. मला राग येतो तुमचा. तुम्ही काही केलं नाही तरी येतो.” मग खुर्चीची पाठ धरून त्या म्हणाल्या, “तुम्ही जावं असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणताय, आणि मी जा म्हणतेय. एवढंच आहे.”

“आई,” मुलगा म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

काका त्यांच्या कमरेकडे बघत होते. ज्या माणसाला टाचणीएवढा ओरखडा दिसायचा, त्याला घरात वावरणारं हे ताठ शरीर वर्षभर दिसलं नव्हतं. बघता बघता त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून खाली आला आणि मांडीवर पडला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. काहीतरी वेगळं बोलायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. ते कुठे सापडेना, तेव्हा जे होतं तेच त्यांनी दिलं, ‘के’ जराही न गिळता.

“ओके,” काका म्हणाले.

मेट्रनबाईंनी कागद सुलटा केला. मुलगा तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. ह्याचा अर्थ काय, असं कोणी काकूंना विचारलं नाही. कोणीतरी विचारावं म्हणून त्या खुर्चीपाशी तशाच उभ्या राहिल्या. विचारलं असतं, तर ते नाही म्हणतायत असं त्या बेधडक सांगणार होत्या.