थोरलीची बाजू

"दाराशी उभी राहिली म्हणजे चोरूनच ऐकत होती, हे तुला कुणी सांगितलं?" आक्कानं विचारलं आणि हातातली चादरीची टोकं अशी ओढली, की पलीकडची टोकं धरून उभी असलेली तिची जोडीदारीण, शिडी, पाऊलभर पुढे आली.

"सांगायला कशाला हवं? टीव्हीवर दाखवलं की," इस्त्रीवाली म्हणाली. ती या लाँड्रीत नवीन होती, आठवडाही झाला नव्हता. "दाराला कान लावून उभी होती. वर ते तसलं म्युझिक. अख्ख्या सिरियलमध्ये एवढी आतल्या गाठीची बाई दुसरी नाही."

"धाकटीला ताप होता. उतरला का, हे विचारायला गेली होती थोरली. आत नवरा-बायको बोलत होते, म्हणून दार न वाजवता परत फिरली."

इस्त्रीवाली हसली. "ताप कुठला? थोरलीनंच तिच्या दुधात काहीतरी कालवलं होतं. आक्का, तुम्ही नक्की कुठली सिरियल बघता?"

आक्का उत्तर देणार होती. पण खोलीतल्या बाकीच्या बायका एकदम गप्प झाल्या. एक टॉवेल मोजायला लागली, दुसरी ड्रायरच्या दारात उगाच वाकली. आक्कानं शिडीकडे पाहिलं, तर शिडी चादरीच्या किनारीकडे बघत होती.

ही लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात होती. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी इथे येत, धुवून वाळून गरम गरम ट्रॉलीत पडत. मोठ्या चादरीची घडी एकटीला धड घालता येत नाही, म्हणून बायका जोडीनं काम करत. आक्का आणि शिडी ही सगळ्यांत जुनी जोडी. शिडी नावाप्रमाणे उंच, आक्का तिच्या खांद्याला लागेल एवढी. ज्यांची संध्याकाळची पाळी असे त्यांचा एपिसोड बुडायचा, म्हणून ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी घड्या घालता घालता सांगायचा, असा इथला रिवाज होता. त्यात शिडीचा हात धरणारं कुणी नव्हतं. सांगून झालं की मग खल चालायचा. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा भाऊ, बिचारा आहे की नुसताच बुळा, धाकटी खरंच साधी की साधेपणाचं सोंग आणते, त्यांचा म्हातारा बाप आजारी आहे की सगळ्यांना नाचवतोय. सुपरवायझर येऊन ओरडला तरी घड्या थांबत नसत आणि वादही थांबत नसे.

या वादात आक्का कायम थोरलीच्या बाजूनं असायची आणि कुणाला हार जायची नाही. गंमत म्हणजे तिनं ती सिरियल एकदाही पाहिली नव्हती. घरात टीव्ही होता, पण भाऊ-वहिनीच्या खोलीत. सिरियलच्या वेळी ते दार लोटलेलं असे. ये असं कुणी म्हणत नव्हतं, येऊ नको असंही कुणी म्हणत नव्हतं. तेवढ्या वेळात आक्का स्वयंपाकघर आवरून घ्यायची. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न झालं, मुलगी झाली. आक्काचं लग्न राहून गेलं असं नातेवाईक म्हणतात. राहून जाते ती छत्री. लग्न कुणासाठी तरी बाजूला ठेवलेलं असतं आणि ज्याच्यासाठी ठेवलं त्याच्या ते गावीही नसतं.

"शिडे," आक्का म्हणाली, "दुधाचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"राहिलं असेल."

"आणि म्हाताऱ्याचं औषध? थोरली आधी स्वतः चाखून बघते आणि मग त्याला देते, ते?"

शिडीनं चादरीची सुरकुती ओढली. बोलली ती इस्त्रीवाली, कारण गप्प कधी बसावं हे तिला अजून इथे कुणी शिकवलं नव्हतं. "औषध ती लपवून ठेवते. म्हातारा लवकर जावा म्हणून. घराच्या किल्ल्या हव्यात ना तिला."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं एकेकीकडे वळून पाहिलं. टॉवेलवाली, ड्रायरवाली, दारातली ट्रॉलीवाली. सगळ्यांच्या घरी टीव्ही होते. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. आणि रोज सकाळी शिडी भलतंच सांगत असताना या सगळ्या तोंडात मूग धरून बसत होत्या, वर आक्काशी खोटा खोटा वादही घालत होत्या.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"आक्का, सिरियल तर आहे," टॉवेलवाली पुटपुटली.

आक्कानं चादरीची टोकं सोडून दिली. ट्रॉलीतून दुसरी चादर ओढली आणि एक टोक हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालायला लागली. चादर तिच्यापेक्षा लांब होती. ती जमिनीला लागली, पुन्हा धुवायला टाकावी लागली. दुसरीचंही तेच झालं. कुणी हसलं नाही, याचा तिला आणखीनच राग आला.

दुपारी डबे उघडले तेव्हा शिडी तिच्या बाकावर येऊन बसली.

"मी खोटं नाही सांगितलं," शिडी म्हणाली. "थोडं सांगितलं, पण सगळं नाही. ती दाराशी उभी होती. का उभी होती, ते मी माझ्या मनानं सांगितलं. ते लोक नुसतं म्युझिक वाजवतात."

"आणि दूध?"

"ते गाळलं."

"का?"

शिडीनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "सिरियल सुरू झाली तेव्हा तू मला विचारलं होतंस, थोरलीचं लग्न झालंय का. मी म्हटलं नाही, भावाकडे असते. तू म्हणालीस, बरं. आणि त्या दिवसापासून तू रोज तिचं विचारायला लागलीस. घरच्या माणसाचं विचारावं तसं. मग पुढे ती तसली निघाली. मी तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"का नाही सांगायचं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट का वाटावं? माझी कोण ती?" आक्काचा आवाज चढला. पलीकडच्या बाकावरच्या बायका जेवायच्या थांबल्या. "भावाकडे राहते म्हणजे ती आक्काच, हे तुम्ही सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलंत. आणि ती वाईट निघाली तेव्हा तुम्हाला लाज वाटली. माझ्यासाठी. मी काय केलं होतं गं तुमचं, माझी लाज वाटून घ्यायला?"

शिडीचे डोळे भरले. आक्का डबा तसाच बंद करून उठली. उरलेला दिवस दोघी समोरासमोर उभ्या राहून, एका शब्दानं न बोलता घड्या घालत राहिल्या. कामाची जोडी मोडता येत नव्हती.

त्या संध्याकाळी सिरियलच्या वेळेला आक्कानं ओल्या हातांनीच भावाच्या खोलीचं दार ढकललं आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली. वहिनीनं उशी बाजूला घेतली. भाचीनं पाय आखडले. भावानं विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही. बघायला आले."

तिनं थोरलीला पहिल्यांदा पाहिलं. काळ्याभोर जाड भुवया, बारीक ओठ, एक भुवई सतत वर. एवढी नटूनथटून कोण घरात वावरतं? मनातली थोरली अशी नव्हती. तिच्या कपाळावर घाम असायचा आणि केस कानामागे खोचलेले असायचे. पडद्यावरची थोरली बोलायची कमी आणि बघायची जास्त, आणि ती बघायला लागली की कुठून तरी ढोल वाजायचे. आक्का मन लावून बघत होती. ही बाई अशी का झाली, हे शोधत होती. म्हाताऱ्याचं इतकी वर्षं कुणी केलं, धाकट्याला कुणी वाढवलं, हे एका वाक्यानं तरी कुणी म्हणेल, म्हणून वाट बघत होती. कुणी म्हटलं नाही. त्या दिवशी थोरलीचं सगळं उघडकीला आलं. धाकटीनं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली, धाकट्या भावानं तिची बॅग उंबऱ्याबाहेर टाकली आणि दार लावलं.

"बरं झालं," वहिनी म्हणाली. "एकदाची गेली."

"कधीच काढायला हवी होती," भाची म्हणाली. भाऊ हसला.

जाहिरात लागली.

"कुठे गेली ती?" आक्कानं विचारलं.

"कोण?"

"थोरली. घरातून काढली ना? मग झोपली कुठे?"

"ते नाही दाखवत गं आत्या," भाची म्हणाली.

"का नाही दाखवत? त्या भावाला तिनं हातानं भरवलंय. त्यानं बॅग टाकताना एकदा तरी थांबावं की नाही? असं कसं लिहितात? एक माणूस अख्खं आयुष्य एका घरात घालवतं आणि त्याला नुसतं दुधात विष कालवायचं काम देतात. वाईट असेल ती. असू दे. पण का झाली वाईट, हे कुणी विचारायचं की नाही?"

"अगं, सिरियल आहे ती," भाऊ म्हणाला. "तू का एवढी चिडतेस? तुला काढतंय का कुणी?"

"मी माझं बोलतच नाहीये," आक्का म्हणाली. "तुम्ही तिघांनी आत्ता बरं झालं म्हटलंत, त्याचं बोलतेय."

वहिनीनं रिमोट घेऊन आवाज कमी केला. भावानं बायकोकडे पाहिलं. जाहिराती संपेपर्यंत आक्का तिथेच बसून राहिली. मग उठली आणि जाताना दार सताड उघडं ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर आली. शिडीनं न बोलता चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली.

"पाहिलास एपिसोड?" शिडीनं हळूच विचारलं.

"पाहिला."

"मग?"

"तुझी थोरली बरी होती," आक्का म्हणाली. "त्यांना नाही जमली."

शिडीनं मान खाली घातली आणि दोघी चादर घेऊन एकमेकींजवळ आल्या. ट्रॉलीवालीनं आदल्या दिवशी संध्याकाळची पाळीही केली होती, तिचा एपिसोड बुडाला होता. तिनं सवयीनं शिडीला विचारलं, "काय झालं काल?"

"आज मी सांगते," आक्का म्हणाली.

टॉवेल थांबले. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली. आक्कानं हातातली घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि तळव्यानं सारखी केली.

"काल थोरलीनं घर सोडलं," ती म्हणाली. "बॅग भरली, म्हाताऱ्याची औषधं कधी कुठली द्यायची ते धाकटीला समजावून सांगितलं, आणि गेली. स्वतःहून गेली."

इस्त्रीवालीनं तोंड उघडलं. मग आक्काकडे पाहिलं आणि पुन्हा इस्त्री उचलली.

"आणि भाऊ?" ट्रॉलीवालीनं विचारलं. "तो काही म्हणाला?"

"तो दारापर्यंत आला होता," आक्का म्हणाली आणि ट्रॉलीतली पुढची चादर ओढली.