निंबाखाली लावलेली जीप

गफ्फारच्या जीपचा सेल्फ स्टार्टर जाऊन बराच काळ झाला, पण शेलूबाजारातल्या आमच्या गल्लीला चांगला उतार असल्याने त्याने तो कधी दुरुस्त केला नाही. रोज संध्याकाळी तो जीप गल्लीच्या माथ्यावर, माझ्या घरासमोरच्या पाण्याच्या टाकीपाशी, तोंड खाली करून उभी करतो आणि चाकाला दगड लावतो. सकाळी वाशिमचे प्रवासी बसले की दगड काढायचा. जीप घरंगळत वेग घेते, गफ्फार गियर टाकून क्लच सोडतो आणि इंजिन सुरू होतं.

त्याची मुलगी जिकरा वाशिमला बारावीत शिकते. मी ग्रंथपाल होतो, शिक्षक कधीच नव्हतो. पण ज्याच्या घरात पुस्तकं त्याला सगळं येतं, असा गफ्फारचा समज. भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी बल आणि स्थितिज ऊर्जा यांतला फरक समजावून सांगायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. मी व्याख्या वाचून दाखवल्या, आकृत्या काढल्या. जिकरा आदबीने मान हलवायची आणि शेवटी विचारायची, "म्हणजे काका, उंचावर ठेवलेल्या वस्तूत जोर साठून राह्यते, असंच ना?"

"नाही, तसं नाही," मी म्हणायचो. मग कसं, ते मला सांगता यायचं नाही. बहुधा ते मलाही नीट कळलेलं नसावं.

परीक्षेच्या सकाळी तिला चार धीराचे शब्द सांगावेत म्हणून मी बाहेर आलो. जीप माथ्यावर नव्हती. रात्री तिथे हरभऱ्याचं मळणीयंत्र उभं होतं, म्हणून गफ्फारने ती उताराच्या मधोमध, निंबाखाली लावली होती. यंत्र आता शेतात गेलं होतं. जीपमध्ये पुंजाजी आणि त्यांची बायको कस्तुराबाई वाशिमच्या लेकीसाठी सोल्याची, म्हणजे सोललेल्या ओल्या दाण्यांची, पिशवी घेऊन बसले होते. जिकरा पुढे बसली. गफ्फारने दगड काढला.

जीप घरंगळली, क्लच सुटला, एक आचका बसला आणि ती खाली सपाटीवर गप्प उभी राहिली.

"गफ्फार, रुसली का रे तुही नवरी?" पुंजाजी म्हणाले.

"काहून रुसन? उतार तं तोच हाय. जोर बी रोजच्यावानीच लागला."

सगळे उतरून ढकलू लागले. मीही हात लावला. जीप हलायची, पण वेग यायच्या आत पुंजाजींना दम लागायचा आणि ती पुन्हा थांबायची. गल्लीतली तरणी माणसं हरभऱ्याच्या कामाला गेलेली. एसटीही निघून गेलेली. जिकराचे डोळे भरून आले.

"पेपर असता तं उशिरा का होईना बसू देल्लं असतं," ती म्हणाली. "तोंडीले नाव पुकारलं अन् मी नसली, तं संपलं."

गफ्फारने बोनट उघडलं. मी त्याच्या मागे उभा राहून म्हणालो, "जोर तेवढाच होता, हे बरोबर आहे. उतार सारखा आहे, त्यामुळे ओढ टाकीपाशी तेवढीच आणि निंबापाशीही तेवढीच. फक्त..."

त्याला ऐकू गेलं नाही. जिकराला गेलं.

"फक्त काय, काका?"

"फक्त टाकीपाशी उंची जास्त असते." हे मी व्याख्या न आठवता बोललो होतो, त्यामुळे चुकत तर नाही ना, अशी मला भीती वाटली.

तिने निंबाकडे पाहिलं, मग टाकीकडे. मग डोळे पुसले.

"अब्बा, बोनट लावा. गाडी वर न्यायची."

"वर? सपाटीवर ढकलनं होऊन नाही राह्यलं, अन् चढावर?"

"सपाटीवर थांबलो की केलेलं सारं वाया जाते. चढावर दगड लावून थांबता येते. चढलेली उंची कुठं जात नाही."

गफ्फारने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खात्री होती असं नाही.

"माह्ये गुडघे गेले. दगडाचं काम माह्यं," कस्तुराबाई म्हणाल्या.

गफ्फार एक हात स्टिअरिंगवर ठेवून दाराला खांदा लावून ढकलू लागला. आम्ही तिघे बोनटला भिडलो. हातभर सरकलं की कस्तुराबाई बाजूने चाकाला दगड लावत आणि आम्ही श्वास घेत असू.

"दमू नका हो, लेकीले सोले शिळे भेटतीन," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू दगडच सांभाळ!"

एकदा थांबलो असताना जिकरा त्या दगडाकडे बघत राहिली. "काका, हा दगड एवढी जीप अडवून धरते. जोर याचाच. पण यानं तिच्यात काही भरलं नाही. भरलं ते आपण, वर चढवून."

एवढे दिवस माझ्या आकृत्यांना जे जमलं नव्हतं, ते असं झालं. धाप लागली होती, तरी मी पुन्हा बोनटला हात लावला.

टाकीपाशी पोचल्यावर बाकीचे आत बसले. दगड मी काढला. जीप निंबावरून सुसाट गेली, सपाटीवर एक आचका देऊन धडधडली आणि हॉर्न वाजवत वळणाआड गेली.

संध्याकाळी जिकरा माझ्या ओट्यावर आली.

"नाव पुकारायच्या आत पोचली. सरांनी तेच विचारलं, काका. उंचावरच्या वस्तूत बल साठलेलं असते का? मी नाही म्हटलं. मंग त्याईनं उदाहरण मांगलं."

"दिलंस?"

"जीपचं. टाकीपासून सारं सांगतलं. सर लय हासले. म्हणे, छान, पण अब्बाले सांग, सेल्फ दुरुस्त करून घ्या."

"करतोच उद्या," समोरून गफ्फार ओरडला. तो टाकीपाशी चाकाला दगड लावत होता.